गोड बाई आणि पत्र्याचा बाबा

ज्या वयात बायका गुडघ्यांना तेल चोळायला लागतात, त्या वयात मी एका आवाजाच्या प्रेमात पडले. हे सांगितलं की नातवंडं आजोबांकडे बघतात म्हणे. बघू द्या.

मी लहानपणापासून आंधळी. बीडला एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर होते. मुलगी पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत लागली आणि तिनं एक जुना कॉम्प्युटर घरी पाठवला. त्यात पडद्यावरचं वाचून दाखवणारे दोन स्क्रीन रीडर टाकलेले. "दोन्ही वापरून बघ, आवडेल तो ठेव," म्हणाली.

एकाचा आवाज बाईचा, सायीसारखा. दुसरा पत्र्याचा डबा बोलावा तसा. मी अर्थातच साय निवडली. वर स्पीकर मोठा! मुलीची ईमेल आली की शेजारणी चहाचे कप घेऊन ऐकायला बसायच्या आणि मी येडी मधोमध, जणू स्वतःच बोलतेय. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी ती बाई तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं वाचायची, तरी सगळ्यांना कळायचं. "आई, मी मजेत आहे. मेसचं जेवण बरं आहे." दर वेळी तेवढंच.

मग युसूफ वडगाव या गावचं स्थळ तिला आलं. शेती, दुकान, एकुलता एक. ह्यांना पसंत. मुलीचं उत्तर आलं, "तुम्ही ठरवाल ते." शेजारणी म्हणाल्या, "गुणाची गं पोर!" मला मात्र ते टोचलं. माझी पोर एवढी गुणाची कधीच नव्हती.

पण खरं विचारू कसं? घरचा फोन बैठकीत, कचेरीत आजूबाजूला माणसं. हेडफोन लावला की सासूबाई म्हणायच्या, "कावून गं, आमच्यापासून काय चोरून ऐकती?" जन्मभर माझं प्रत्येक पत्र कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवलेलं. आपलं एकटीचं काही असू शकतं, हे सुचलंच नव्हतं.

लातूरला माझ्यासारखीच एक ऑपरेटर होती, अंधशाळेपासूनची मैत्रीण. लाइन मोकळी असली की आम्ही भांडायचो. त्या दिवशी भांडण कुठला आवाज बरा यावर.

"गोड ऐकायचं तर रेडिओ लाव की!" ती म्हणाली. "वेग वाढवला की तुझी बाई शब्द गिळती. पत्र्याचा बाबा कितीबी पळव, अक्षर सोडत न्हाई. फक्त घरात तो काय बोलतो, एकालाबी कळत न्हाई."

शेवटचं तिनं तक्रार म्हणून सांगितलं. मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं.

घरी येऊन बाई बंद केली, बाबा लावला. रोज थोडा थोडा वेग वाढवत गेले. आधी डोकं ठणकायचं. मग हळूहळू त्या खडखडाटातून शब्द वेगळे पडायला लागले. शेजारणी यायच्या थांबल्या.

"पत्र्यावर गारा पडतायत का?" हे वैतागले. "ती बाई बरी होती."

"बिघडली ती," मी म्हणाले, आणि मुलीला लिहिलं, "आता हे घरात फक्त मलाच कळतं. खरं काय ते लिही."

उत्तर आलं तेव्हा हे पेपर वाचत होते, सासूबाई लसूण सोलत होत्या. त्या दोघांच्या मधोमध, भरधाव, माझी लेक मला म्हणाली की तिला इतक्यात लग्न नको, नोकरी सोडायची नाही, बाबांना सांगायची भीती वाटते. "तुला सांगावंसं रोज वाटायचं, पण तुला सांगणं म्हणजे गल्लीला सांगणं."

मी ते तीनदा ऐकलं.

"काय म्हणती पोरगी?" ह्यांनी विचारलं.

"मजेत हाय. पण ते स्थळ मला पसंत न्हाई."

"तू पोरगा बघितला तरी का?"

"तुमाला तरी कुठं बघितलं होतं? तरी हो म्हणलेच ना?"

सासूबाई खुदकन हसल्या. पेपर घडी केल्याचा आवाज आला.

"लई विचार करून म्हणती?"

"लई."

"बरं," हे म्हणाले. "नकार कळवतो त्यांना. नाव तुझंच सांगंन."

"सांगा की," मी म्हणाले.