धुवायला ठेवलेले फोटो

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. आमच्या दिंद्रुडच्या शाळेत झेंडावंदनाला मला बोलावतात. मी एकाहत्तरच्या लढाईतले माझे फोटो घेऊन जातो, विमानं दाखवतो. फोटो अजून कोरे करकरीत आहेत. ते बघून कुणी 'वा' म्हटलं की मी ते घाईनं पाकिटात घालतो. माझ्यापेक्षा चांगले फोटो दुसऱ्यानं काढले होते, आणि ते आज नाहीत. ते मी घालवले.

वाळवंटाच्या कडेला हवाई दलाचा एक तळ होता. तिथल्या फोटो विभागात आम्ही दोघं होतो. तो माजलगावचा, गॅरेजवाल्यांच्या घरातला. मी हुद्द्यानं त्याच्या वर, डार्करूम माझ्या ताब्यात. एवढ्या लांब आपल्या भागाचा माणूस भेटला म्हणून सुरुवातीला मी खूश होतो.

लढाई सुरू झाली तेव्हा आमच्या साहेबांनी सांगितलं, विमानांचे फोटो पुष्कळ झाले, आता माणसांचे काढा. तळावर लोक कसे जेवतात, झोपतात, दाढी करतात, तेही राहू द्या नोंदीला. तिथून माझं बिनसलं. मी कॅमेरा उचलला की माणसं बटणं लावून सावधान उभी राहायची. त्याच्यापुढे तीच माणसं पाठ खाजवायची, जांभया द्यायची, एकमेकांच्या टोप्या पळवायची.

"तू लई वरडतोस बे त्यांच्यावर," तो मला म्हणायचा. "हलू नका, हलू नका! मान्सं हायत ती, खुंटं न्हाईत."

सगळे हसायचे. मीही हसायचो आणि आतून जळायचो.

एकदा जेवणाच्या आधी भोंगा वाजला. आम्ही खंदकात उतरलो. स्वयंपाकी परातीसकट खाली आला आणि वर तोफा धडधडत असताना उकिडवा बसून कणीक मळायला लागला. आम्ही दोघांनीही कॅमेरे काढले. माझ्या फोटोत स्वयंपाक्यानं हात पुसलेत, परात बाजूला सारलीय आणि सलाम ठोकलाय. त्याच्या फोटोत स्वयंपाकी मळतोच आहे आणि शेजारच्या मेकॅनिकनं परातीत माती पडू नये म्हणून आपला कोट वर धरलाय. खंदक एकच, माणूस एकच, आमच्या दोघांत दोन हातांचं अंतर. साहेबांनी त्याचा फोटो मेसमध्ये लावला. माझा परत देत म्हणाले, "छान, स्पष्ट आलाय."

त्यानंतर स्वयंपाकी तव्यावरची पहिली रोटी त्याला वाढायचा. रोटीचासुद्धा हेवा वाटतो माणसाला, हे मला तेव्हा कळलं.

लोकांना ते फोटो घरी पाठवायचे होते. साहेबांनी परवानगी दिली. निगेटिव्ह सरकारजमा, प्रती लोकांच्या. त्यानं दिवसभर बसून प्रती काढल्या, धुवायच्या पाण्यात सोडल्या आणि ड्यूटीला जाताना मला म्हणाला, "तासाभरानं काढशील का? धुण्यात तुझ्यावानी हात कुणाचा न्हाई."

हायपो नावाच्या रसायनातून फोटो काढला की तासभर वाहत्या पाण्यात ठेवावा लागतो. नाही ठेवला तर लगेच काही दिसत नाही. काही वर्षांनी कागद तपकिरी होतो, मग चेहरे विरत जातात. हे मला त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्याच्या बुटांचा आवाज लांब गेला आणि मी त्याचे फोटो पाण्यातून काढून वाळत घातले. त्याच नळाखाली माझे ठेवले, पुरा तासभर.

परत आल्यावर तो फोटो उलटसुलट बघून "झकास!" म्हणाला. त्यातला एक मला द्यायला लागला. मी घेतला नाही.

नोकरी संपल्यावर त्याला माजलगावात स्टुडिओ टाकायचा होता. जागाही बघून ठेवली होती. तेवढ्यात त्या स्वयंपाक्याचं पत्र आलं, फोटोतला मी आता ओळखू येत नाही. मग आणखी एकाचं आलं. तेव्हा यानं पेटीतून स्वतःची प्रत काढून बघितली, तीही विरलेली. आपल्याला हे काम येतच नाही असं त्यानं धरलं आणि भावाच्या गॅरेजात स्कूटर खोलायला बसला. कॅमेरा पुन्हा हातात घेतला नाही. हे कानावर आलं तेव्हा मला वाईट वाटलं. पण त्याआधी क्षणभर बरं वाटलं, तेही लिहून ठेवतो.

काही वर्षांपूर्वी, सांगायचंच असं ठरवून मी बसनं माजलगावला गेलो. मला बघताच तो गॅरेजभर ओरडला, "उस्ताद आलेत माझे, चहा सांगा रे!" मग भिंतीवरच्या चौकटीकडे बोट केलं. तपकिरी कागद, त्यात परातीचा गोल तेवढा उरलेला.

"तुझे अजून कोरे करकरीत हायत म्हणं. माझाच हात कच्चा."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "तिथलं पाणीच खारं होतं."

"पानी तर तुलाबी तेच व्हतं की." तो माझ्याकडे बघत राहिला. मग कप पुढे सरकवला. "घे, गार व्हतोय."

मी चहा पिऊन परत आलो.

गेल्या साली त्याच्या मातीला गेलो. तेलकट हातांची कितीतरी माणसं रडत होती, आणि कब्रस्तानातही माझ्या मनात आलं, माझ्या मागं इतकी येतील का? मी मूठभर माती टाकली. दोन्ही खेपांना दिंद्रुडपासून बसमध्ये घोकत नेलेलं वाक्य तोंडातच राहिलं: तुझे फोटो मी तास व्हायच्या आधीच पाण्यातून काढले, तुझा हात कच्चा नव्हता, मला माफ कर.