निकालाची नक्कल

"कागद हातीं येवोंद्या, मग बोलूं."

हे वाक्य म्हणताना रावसार एक पाय चपलेतून काढायचे आणि पुन्हा घालायचे. माझ्या दुकानात लोकांसाठी बाक आहे. सहा वर्षं ते माणूस रोज येत होतं, पण त्या बाकावर टेकलेलं मी एकदाही पाहिलं नाही. "बसा हो, तुमच्याकडे बघूनच माझा जीव दमतो," असं मी म्हटलं की ते दारापर्यंत जाऊन परत यायचे. तेवढ्याने माझं समाधान व्हावं अशी त्यांची अपेक्षा असावी.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन तंजावूरला आले, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी घरात. कोर्टासमोर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. रावसार आमच्याच गल्लीतले. त्यांचं खरं नाव मला माहीत नव्हतं आणि कोणाला विचारावंसंही वाटलं नाही. आमच्या गल्लीत अर्धी माणसं राव आहेत आणि अख्खं गाव यांना 'सार', म्हणजे सर, म्हणतं, म्हणून ते रावसार. आता नाव कळलंय, पण ते इथे लिहिणार नाही. का, ते तुमच्या ध्यानात येईलच.

ते वकील नव्हते आणि वकिलाचे कारकूनही नव्हते. कोणाला कधी, कुठे अटक झाली, कोणाची केस कुठल्या कोर्टात आहे, तारीख कधीची, निकाल काय लागला, हे शोधून देणं हा त्यांचा उद्योग. तुम्ही म्हणाल, हल्ली हे सगळं फोनवर दिसतं. दिसतं खरं. पोलिसांच्या साइटवर एफआयआर असतात, कोर्टाच्या साइटवर नाव टाकलं की केसेसची यादी येते. पण त्या यादीत एकाच नावाची सतरा माणसं निघाली की पुढे काय करायचं?

"वैनी, तंजावुरांत राव मणजे नाव नव्हे, गर्दी," ते म्हणायचे. मराठी त्यांची अशी, जुन्या पत्रातून उचलल्यासारखी, आणि चाल मात्र तमिळ.

एकदा एक फुलवाली रडत दुकानात आली. मुलगा आदल्या दिवसापासून घरी नव्हता, आणि पोलिसांनी उचलल्याचं कोणीतरी सांगितलं होतं. ठाण्यात तिला कोणी धड उत्तर देईना. मी साइटवर शोधू लागले. रावसारांनी माझ्या स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. "अटक केली असेल तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढें आणावंच लागतें. चला अम्मा, तिकडं जाऊन उभें राहूं." तिला घेऊन ते कोर्टाच्या मागच्या दाराशी गेले आणि दुपारभर येरझाऱ्या घालत राहिले. चारच्या सुमाराला व्हॅनमधून मुलगा उतरला. तिला तो दिसला, तिने त्याला हाक मारली, त्याने वर पाहिलं. परत आल्यावर रावसार एकच गोष्ट दोनदा म्हणाले. "आंत असलेल्यास बाहेर आपलं माणूस दिसलं पाहिजे वैनी. मग रात्र निघते." एवढं त्यांना का लागावं, ते मला तेव्हा कळलं नाही.

लग्नं जुळवणारी घरंही त्यांना बोलवायची. मुलाच्या नावावर काही केस नाही ना, एवढं बघून द्या म्हणून. त्यात ते फार जपून असत. यादीत नाव दिसलं तरी तोंड उघडायचे नाहीत. आधी सही-शिक्क्याची नक्कल मागवायची, तिच्यात बापाचं नाव, वय, पत्ता ताडून बघायचा आणि मगच बोलायचं. "सुटला असेल तर सुटला मणून सांगायचं. मोठ्यानं सांगायचं," असं ते म्हणत. मुलीचे बाप अस्वस्थ व्हायचे. त्यांना हो की नाही एवढंच हवं असायचं.

मग त्यांच्या चुलतभावाचं प्रकरण आलं. घरात त्याला सगळे बाबू म्हणत. चौतिशीचा, गरीब स्वभावाचा. बारा वर्षं शिकवण्या केल्या आणि शेवटी सरकारी शाळेत मास्तर म्हणून निवड झाली. गल्लीत त्याच्या आईने मैसूरपाक वाटला होता. आणि पंधरा दिवसांनी तो एक पत्र घेऊन दुकानात आला, तोंडचं पाणी पळालेलं. पोलीस पडताळणीत त्याच्या नावाची, त्याच्या इनिशियलची (इकडे कागदावर बापाच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर लावतात), आमच्याच गल्लीतली एक केस निघाली होती. सात वर्षांपूर्वीची मारहाण, सरकारी नोकरावर हात टाकल्याची. ती केस तुमची नसेल तर निकालाची नक्कल दहा दिवसांत आणून द्या, नाहीतर नेमणूक पुढच्या माणसाला जाईल, असं त्यात होतं.

"अण्णा, मी कधीं कोणास मारलं? तुम्हीच शोधा हा कोण तो," बाबू म्हणाला.

रावसारांनी पत्र घेतलं. वाचलं. त्यांचे दोन्ही पाय जागच्या जागी थांबले. हे मी पहिल्यांदाच पाहत होते. "शोधतों," म्हणाले आणि निघून गेले.

पुढचे दिवस मला अजून आठवतात. दिवसातून सहा वेळा यायचे, काही न सांगता जायचे. कॉफी मागवायचे आणि तशीच ठेवायचे. बाबू आला की "फाइल सापडत नाहीं, रेकॉर्ड रूममध्यें घोळ आहे" म्हणायचे. चौथ्या दिवशी मी स्वतः समोरच्या कोर्टात जाऊन विचारलं. फाइल जागेवर होती. पण तिऱ्हाइताला नक्कल हवी तर प्रतिज्ञापत्र द्यायचं, कारण दाखवायचं, कोर्टाच्या हुकमाची वाट पाहायची, त्यात महिना जातो. केसमधल्या माणसाने स्वतः अर्ज केला तर नक्कल तीन-चार दिवसांत मिळते. रावसारांना हे माहीत नसेल? मला तर संताप आला. सहा वर्षांत ते माझ्यासमोर पहिल्यांदा खोटं बोलले होते, आणि तेही स्वतःच्या भावाच्या पोटावर पाय येत असताना.

संध्याकाळी घरी मी हे सासूबाईंना सांगत होते. मध्येच थोरल्या मुलाला हाक मारली, "राजा, दिवा लाव." आणि हातातलं काम तसंच राहिलं. माझ्या थोरल्याचं खरं नाव राजा नाही. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं ही इथल्या घरांची रीत, आणि सुनेने सासऱ्याचं नाव उच्चारायचं नाही हीही रीतच. म्हणून पोराला दुसऱ्याच नावाने हाक मारायची आणि ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यावर पडून राहायचं. माझ्या दिराच्या थोरल्याचंही तेच. दोन भाऊ, दोघांचे थोरले मुलगे, दोघांनाही एकाच आजोबांचं नाव. आणि दोन्ही बापांची नावं एकाच अक्षराने सुरू होत असली, तर कागदावर ती दोन पोरं एकच.

रावसारांचे आणि बाबूचे वडील सख्खे भाऊ होते. दोघांचीही नावं 'एस'ने सुरू होणारी, सासूबाईंना ती आठवत होती. वाटण्या झाल्यावर रावसारांचे वडील जवळच्या पापनाशम गावी गेले. रावसार मोठेपणी गल्लीत परत आले ते नुसतं 'राव' हे आडनाव घेऊनच. त्यांचं दाखल्यावरचं नाव कोणाच्या तोंडी कधी आलंच नव्हतं.

सकाळी ते आले तेव्हा मी मशीन बंद केलं. "रावसार, बाबू ज्याला शोधतोय तो तुम्हीच ना?"

चिडतील असं वाटलं होतं. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. "बसस्टँडवर कंडक्टरनं एका म्हाताऱ्यास ढकललं. मी हात उचलला. अकरा दिवस आंत होतों, वैनी. आईस निरोप धाडला, चेन्नैस कामावर आहें. मणून कोणी आलं नाहीं. कोणास ठाऊकच नव्हतं, कोण येईल? पुढें साक्षीदारांनीं ओळखलं नाहीं, सुटलों. बाहेर आलों तेव्हां कोर्टाच्या खिडक्या तेवढ्या कळलेल्या होत्या. तेंच काम धरलं."

"मग तुमची नक्कल तुम्ही कधी काढली नाही?"

"त्याच खिडकींत नाव लिहून द्यायचं? तिथं सगळे मला सार मणतात."

मी म्हटलं, "सहा दिवस उरलेत." त्यांची आई ऐंशीची, त्याच गल्लीत, त्यांच्याच घरात. गल्लीतली लग्नाची घरं त्यांच्या शब्दावर चालत होती. हे सगळं त्या एका कागदाने जाणार होतं, आणि तो कागद आला नाही तर बाबूची नोकरी जाणार होती. ते दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. मग म्हणाले, "फॉर्म काढा."

अर्जदाराच्या रकान्यात मी त्यांचं नाव लिहिलं. त्यांनी सही केली आणि तो कागद स्वतः खिडकीत नेऊन दिला. आतल्या माणसाने नाव वाचलं, मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. चौथ्या दिवशी नक्कल आली. बापाचं पूर्ण नाव होतं, बाबूपेक्षा सात वर्षांनी जास्त वय होतं, आणि 'निर्दोष' असं स्पष्ट होतं. बाबूने ती वाचली आणि तिथेच, माझ्या दुकानात, त्यांचे पाय धरून रडला. नोकरी वाचली.

गल्लीला कळायला दोन दिवस लागले. मी तुम्हाला खोटं कशाला सांगू, माझ्या घरातही कुजबुज झाली. 'निर्दोष' हा शब्द कोणाच्या लक्षात राहिला नाही, अकरा दिवस तेवढे राहिले. त्यांच्या आईला शेजारणीने सांगितलं. म्हातारी तीन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, चौथ्या दिवशी एवढंच विचारलं, "आंत जेवायला काय देत होते रे?" हे सांगताना रावसार हसायचा प्रयत्न करत होते. लग्नाच्या घरांनी बोलावणं बंद केलं. तरी ते दुकानात येत होते. कोर्टातल्या अडलेल्या लोकांना त्यांच्या गल्लीशी काय करायचं होतं?

महिन्याभराने बाबू आला. ओरत्तनाडुच्या शाळेत रुजू झाला होता. हातात राजपत्रातून नाव बदलायचा फॉर्म. रावसार आत आहेत हे त्याला दारातून दिसलं नव्हतं. दिसलं तेव्हा मागे फिरायला उशीर झाला होता.

"अण्णा, तसं कांहीं नाहीं. पुढें पोरांस तरास नको मणून."

"दाखव," रावसार म्हणाले.

फॉर्म त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आजोबांचं नाव सोडून बाबूने दुसरंच नाव घेतलं होतं. "कारणाचा रकाना कोरा ठेवलास. कोरा असला तर परत पाठवितात." मग माझ्याकडे वळून त्यांनी सावकाश सांगितलं, "घ्या वैनी. एकाच कुटुंबांत त्याच नावाचा दुसरा इसम असल्यामुळें."

बाबू खाली बघत होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. "घ्या," ते पुन्हा म्हणाले. मी ते तमिळमध्ये टाइप केलं. त्यांनी बाबूला सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं, सोबत काय काय जोडायचं ते सांगितलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. आठवड्याने कळलं की आईला घेऊन ते पापनाशमला गेले. फोन लागत नाही. लोक अजून दुकानात येतात, कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा, कुठे नेला काही कळत नाही म्हणतात आणि रावसारांना विचारतात. मी जमेल तेवढं बघून देते. पण त्या दिवशी ते वाक्य मी टाइप करायला नको होतं. हात मागे घेऊन बाबूला सांगायचं होतं, दुसरीकडून करून घे. मला ते सुचलंच नाही.