अलास्का वगळा

शनिवार, १५ फेब्रुवारी २०२५, सकाळी साडेदहा वाजता कॅनडातल्या रिचमंड हिलच्या आमच्या ज्येष्ठ मंडळात मी व्याख्यानाला उभा राहिलो. विषय होता ब्रिटन आणि अमेरिका यांचे संबंध. अध्यक्षांचे व्याही अमेरिकेहून आले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते. म्हणून अध्यक्षांनी मला आधीच बजावले होते, "काका, दोन भाऊ भांडले, मग एक झाले, एवढंच सांगा. अलास्का वगळा."

ते भाऊ कोणाच्या जमिनीवर एक झाले, हे वगळले तर सांगण्यासारखे उरते काय? अमेरिकेचा अलास्का आणि कॅनडा यांच्यातल्या सीमेचा तंटा १९०३ मध्ये पंचांपुढे गेला, तेव्हा ब्रिटिश न्यायाधीशाने अमेरिकेच्या बाजूने मत दिले आणि कॅनडाचे दोन पंच एकटे पडले. मी इथवर आलो आणि टेबलावर अध्यक्षांची चिठ्ठी आली: "आवरतं घ्या. पोहे गार होताहेत."

आमच्याकडे चिठ्ठी आली की वक्ता खाली बसतो. मी ती पाण्याच्या पेल्याखाली ठेवली आणि आणखी वीस मिनिटे बोललो. या देशात मी चाळीस हिवाळे काढले आहेत. इथली जमीन दुसऱ्यांनी आपसांतली गोडी राखण्यासाठी वापरायची नसते, हे मी व्याह्यांकडे पाहूनच सांगितले.

पोहे गारच खाल्ले. अध्यक्ष दारात म्हणाले, "पुढच्या वेळी तुम्हाला बोलवायचं का, ते बघू."

"बोलावलंत तर उरलेलं सांगेन."

घरी येऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढला आणि पायऱ्यांवर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकले.