शांततेच्या हॉटेलातला भोंगा

आपला आवाज मोठा आहे हे भोंग्याला मुळी ठाऊकच नव्हतं. अहो, जन्म गेला त्याचा पिठाच्या गिरणीत! चाकं घरघरायला लागली की शेजारच्या माणसाला ‘जाड दळू की बारीक?’ एवढं विचारायलासुद्धा नरड्याच्या शिरा ताणाव्या लागत. सगळे त्याला भोंगा म्हणत आणि तो खुशाल ओ देई.

मग मालकांच्या सूनबाईंनी त्या जुन्यापुराण्या गिरणीचं हॉटेल केलं. धान्याच्या कोठारात पलंग आले, पीठ चाळायच्या खोलीत न्हाणीघर. आणि विकायचं काय, तर शांतता! लोक लांबून यायचे आणि पैसे देऊन गप्प बसायचे. खुर्च्यांच्या पायांनासुद्धा मोजे घातले होते. भोंग्याला टोपी देऊन दारात उभं केलं. पहिल्याच दिवशी तो प्रेमानं "या, बसा!" म्हणाला आणि एका बाईंच्या हातातली बॅगच पडली.

"काका," सूनबाई कुजबुजल्या, "आवाज खाली आणा, नाहीतर मागची खोली रिकामी करा."

त्या खोलीत तो आणि बायको लग्नापासून राहत होते. जाणार कुठे? बिचारा सरावासाठी हळूहळू भिंतीशी बोलला, मांजराशी बोलला, आणि एकदाचा त्याचा आवाज उतरला. सूनबाई खूश झाल्या. पण घरी तो हळूच म्हणे, "वाढ गं," तर बायको ढिम्म! हाक मारली तरी वळेना. शेवटी तीच कडाडली, "नुसते ओठ हलवून चेष्टा करताय होय? माझं काय चुकलं ते तरी सांगा! आजवर कधी अबोला धरला नाहीत."

भोंग्याच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. त्या घरघरीनं तिचे कान कधीच गेले होते. तो ओरडायचा म्हणून तिला ऐकू यायचं, एवढंच. त्याला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे मुकाट जेवत होते. बायको बादली घेऊन अंगणातून चालली होती, खाली मान घालून. भोंग्याला राहवेना.

"अगं एऽऽ! जेवलीस काऽऽ?"

चमचे गळाले. वरच्या मजल्यावरून कोणीतरी घाबरून ओरडलं, "हो, जेवलो!"

सूनबाई धावत आल्या. भोंग्यानं टोपी काढून त्यांच्या हातात ठेवली.

"खोली गेली गं आपलीऽऽ!" तो अंगणात ओरडला.

बायकोनं बादली खाली ठेवली. "जाऊ दे मेली!" ती तितक्याच जोरात ओरडली. "तुमचा राग गेला ना?"