यंत्रं सात, चुंबकं सहा

घाबरण्याच्या बाबतीत त्या घराला मोठी परंपरा होती. वडील वायरमन. तीस वर्षं लोकांच्या घरातल्या तारा जोडत आले, पण मेन स्विच बंद केल्यावरही टेस्टर तीनदा लावल्याशिवाय त्यांनी एकाही तारेला बोट लावलं नाही. आई त्यांच्या वरताण. घराला कुलूप लावायचं, जिना उतरायचा, कोपऱ्यापर्यंत जायचं आणि गॅस बंद केलाय का बघायला परत यायचं, हा तिचा रोजचा व्यायाम. त्यामुळे डॉक्टरांनी तिला वेगळं चालायला कधी सांगितलं नाही. थोरला दादा एकेरी रस्ता ओलांडतानाही दोन्हीकडे बघतो, आणि कुणी हसलं तर म्हणतो, "चुकीच्या बाजूने येणाऱ्याला तो एकेरी आहे हे कुठे माहीत असतं?"

अशा घरातली धाकटी मुलगी समुद्रकाठच्या तंत्रज्ञान विद्यापीठात शिकायला गेली, ती काही समुद्राच्या ओढीने नव्हे. मार्कांनी जिथे ढकललं तिथे गेली. किनारा अभियांत्रिकी म्हणजे लाटांचा अभ्यास, हे घरी सांगितलं असतं तर आईने दारातच बैठक मारली असती. म्हणून घरी सांगितलं, मोजमापाचा कोर्स आहे. ते खोटंही नव्हतं.

पहिली दोन वर्षं सगळं फळ्यावर चाललं. फळ्यावरच्या लाटेने कुणाचा पाय ओला होत नाही, त्यामुळे पोरगी वर्गात तिसरी आली. तिसऱ्या वर्षी मात्र विद्यापीठाने आपलं खरं रूप दाखवलं. विद्यापीठाला अभिमान कशाचा, तर इथे विद्यार्थ्याच्या हातात खरं यंत्र देतात आणि खरं संशोधन करायला लावतात. समुद्राला चिकटून असलेल्या शेवटच्या इमारतीत लाटांची प्रयोगशाळा होती. तिथे खारट वाऱ्याने खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजलेल्या, दारं फुगलेली आणि भिंतीवरचं घड्याळ आपल्या मर्जीने चालणारं. नव्या सात विद्यार्थ्यांना सात लाटमापकं मिळाली. प्रत्येकाने आपलं यंत्र बोटीतून नेऊन बंदराच्या दगडी बांधाबाहेर समुद्रतळावर सोडायचं, चाळीस दिवसांनी वर काढायचं आणि त्यात नोंदल्या गेलेल्या लाटांवर अहवाल लिहायचा. पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत जागा फक्त तिघांना. बाकीच्यांनी फळ्याकडे परत जायचं.

प्रयोगशाळेत तिचं नाव दुसऱ्याच दिवशी 'खात्री' पडलं. ठेवलं मामांनी. मामा म्हणजे तिथले जुने तंत्रज्ञ. कुणाचे मामा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण प्राध्यापकसुद्धा मामाच म्हणायचे. पोरगी त्यांना प्रत्येक स्क्रूमागे विचारायची, "मामा, घट्ट बसलाय याची खात्री आहे ना?" सतराव्या स्क्रूला मामांनी हात जोडले. म्हणाले, "बाई गं, या यंत्राची आहे. माझी राहिलेली नाही."

आता त्या लाटमापकाची एक गंमत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावर उभं आहे. यंत्र चालू करायला बटण नसतं. बटण असलं की फट आली आणि फट आली की पाणी आलं. त्याऐवजी यंत्राच्या झाकणावर बाहेरून, कडीत लाल दोरा ओवलेलं एक छोटं चुंबक बसवलेलं असतं. चुंबक आहे तोवर यंत्र झोपलेलं. पाण्यात सोडण्याआधी चुंबक काढलं की ते जागं होतं आणि नोंदी करू लागतं. काढलेलं चुंबक परत आणायचं आणि प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटावर आपल्या यंत्राच्या नंबराखाली चिकटवायचं, ही तिथली शिस्त. जितकी यंत्रं समुद्रात, तितकी चुंबकं कपाटावर.

यंत्रं समुद्रात सोडली त्याच्या सव्विसाव्या दिवशी, बुधवारी सकाळी, खात्रीने कपाटावरची चुंबकं सहज मोजली. सहा भरली.

तिने पुन्हा मोजली. मग वडिलांना स्मरून तिसऱ्यांदा मोजली. सहाच. पाच नंबराखालची जागा मोकळी होती आणि पाच नंबर तिचा होता.

खोलीवर जाऊन तिने जॅकेटचे खिसे उलटे केले, बॅग पलंगावर रिकामी केली, गादी उचलली. बिस्किटांचा चुरा निघाला, हरवलेलं एक कानातलं निघालं, चुंबक निघालं नाही. मग तिने यंत्र सोडलं तो दिवस डोळ्यांसमोर आणला. बोटीत तिने दोरीच्या गाठी तीनदा तपासल्या होत्या, हे पक्कं आठवत होतं. मग बोट एका अंगाला कलली आणि तिने डोळे मिटले, हेही पक्कं आठवत होतं. पुढचं काही आठवत नव्हतं, कारण पुढे डोळे मिटलेलेच होते.

पण बोटीत भरायचा तपासणीचा कागद? त्यावर अकरा चौकोन होते, अकराही चौकोनांत बरोबरच्या खुणा होत्या, खाली तिची सही होती. 'चुंबक काढले' या चौकोनातही झोकदार खूण होती. आणि ती खूण बघताना तिच्या तोंडचं पाणी पळालं. हलत्या बोटीत आपल्याला लिहिता येणार नाही, या भीतीने तिने अकराही खुणा धक्क्यावर, बोटीत बसण्याआधीच करून टाकल्या होत्या.

शुक्रवारी मोसमातलं पहिलं मोठं उधाण येणार असा अंदाज होता. बांधावर मोठ्या लाटांचा मारा किती बसतो, हे कळण्यासाठीच तर सगळी यंत्रं पेरली होती, आणि पाच नंबर बांधाच्या टोकाशी होतं, अगदी मोक्याच्या जागी. ते झोपलेलं असेल तर उधाण त्याच्या डोक्यावरून जाणार आणि त्याला पत्ता लागणार नाही. आज सांगावं तर बेफिकीर ठरणार. खोट्या खुणा केल्याचंही उघड होणार. न सांगावं तर अजून चौदा दिवस कुणाला कळणार नाही. चौदा दिवस! तिला ते सुट्टीसारखे वाटले आणि लगेच फाशीच्या कोठडीसारखेही वाटले.

ती मामांकडे गेली.

"पडलं असेल कुठेतरी," मामा म्हणाले. ते एका केबलचं टोक सोलत होते. "मागे एक माझ्या चपलेच्या खिळ्याला चिकटून घरी आलं होतं. बायको म्हणाली, एका पायाने टकटक का वाजताय?"

"मामा, पण नसेल काढलं तर?"

"आणि काढलं असेल तर? चालतं यंत्र उधाणाच्या तोंडावर उपसायचं, त्यात दोरी तुटली, सांगाडा आपटला, मग? गप्प बस. चौदा दिवसांनी बघू."

हा सल्ला इतका सोयीचा होता, की तिला त्याचीच भीती वाटली. ती जिना चढून बाईंच्या खोलीकडे निघाली. बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. उन्हाने रापलेल्या, बुटक्या, आवाज मात्र समुद्राच्या वरचा. तेव्हा त्या खुर्चीवर उभ्या राहून खिडकीच्या फटीत लांबी भरत होत्या.

"बाई, माझ्या यंत्राचं चुंबक कपाटावर नाही."

"मग कुठे आहे?"

"बहुतेक यंत्रावर."

बाईंचा हात थांबला. "बहुतेक म्हणजे किती?"

"पन्नास टक्के. साठ. कधी कधी नव्वद."

"कधी कधी म्हणजे काय?"

"आत्ता जिना चढताना नव्वद होतं."

"आणि कागदावर खूण आहे?"

"आहे. धक्क्यावरच केली होती. सगळ्याच." शेवटचे दोन शब्द इतक्या बारीक आवाजात आले, की ते खिडकीच्या फटीतूनच निघून गेले असते, पण ती नुकतीच बुजली होती.

बाई खुर्चीवरून उतरल्या. त्या ओरडतील म्हणून खात्रीने खांदे आवळून घेतले. बाई ओरडल्या नाहीत आणि ते फारच वाईट झालं. त्यांनी हात पुसले, फोन उचलला आणि बोटवाल्याला विचारलं, "उद्या सकाळी जाता येईल? किती वेळ मिळेल?" मग फोन ठेवून म्हणाल्या, "अकरापर्यंत. त्यानंतर तो थांबणार नाही. मामा आणि तू."

"मी?"

"सही कुणाची आहे?"

गुरुवारी सकाळी समुद्र राखाडी होता आणि त्याला कसलीशी घाई झाली होती. खात्रीने लाइफ जॅकेटचे पट्टे तीनदा आवळले. तिसऱ्यांदा इतके, की श्वास हप्त्याहप्त्याने घ्यावा लागला. बांध ओलांडला आणि बोट जी वर गेली, ती खाली येताना तिच्या पोटाला बरोबर घ्यायला विसरली. समोर पाण्याची भिंत उभी राहायची, बोट तिच्यावर चढायची आणि पलीकडे खड्डा असायचा. तिने दोन्ही हातांनी कठडा धरला.

"ताई," बोटवाला सुकाणूवरून म्हणाला, "कठडा सोडा. तो कुठे पळून जात नाही."

"तो नाही हो, मीच जाईन."

"दहा मिनिटं देतो. मग माझी मी बोट वळवणार. यंत्र वर असो की खाली."

खुणेचं पिवळं पिंप सापडलं. मामा आणि बोटवाल्याने कप्पीवरून दोरी ओढायला घेतली. दोरी कुरकुरत होती, पाणी निथळत होतं, खात्री मनातल्या मनात देवाशी घासाघीस करत होती. शेवटी यंत्र बसवलेला सांगाडा वर आला आणि तिला ओळखू येईना. सव्वीस दिवसांत यंत्राने हिरवं शेवाळ पांघरलं होतं आणि झाकणावर बारक्या शिंपल्यांनी वसाहत केली होती. चुंबक आहे की नाही, काही दिसत नव्हतं.

"खरवड," मामा म्हणाले.

त्यासाठी कठडा सोडणं भाग होतं. तिने एक हात सोडला. मग दुसरा. गुडघ्यांवर बसून तिने पत्र्याने झाकण खरवडायला सुरुवात केली. शेवाळ निघालं, शिंपले तडतडले आणि खाली एक गोल उंचवटा लागला. त्याच्या कडीत लाल दोरा होता.

चुंबक जिथल्या तिथे होतं. सव्वीस दिवस यंत्र गाढ झोपलं होतं.

तिच्या पायाखालची वाळूच सरकायची. पण पायाखाली वाळू नव्हती, फळी होती, आणि ती आधीपासूनच सरकत होती. तिने चुंबक उपटलं आणि मुठीत धरलं.

"चला, सोडा खाली," बोटवाला ओरडला. "आठ मिनिटं झाली!"

"थांबा. दिवा लागू दे."

झाकणाच्या काचेखाली एक हिरवा दिवा असतो. यंत्र जागं असेल तर तो मिनिटाला एकदा लुकलुकतो. एकदाच.

"अगं, चुंबक निघालं म्हणजे चालू झालं," मामा म्हणाले. "ती लाट बघ येतेय. सोड."

"नाही सोडणार."

"खात्री!"

"मामा, मी हात काढणार नाही. दिवा दिसल्याशिवाय नाही." हे बोलताना तिचे दात वाजत होते. जन्मात कुणाला उलट बोलली नव्हती ती पोरगी. पण या क्षणी तिला बोटीपेक्षा, लाटेपेक्षा, बोटवाल्यापेक्षाही त्या काळ्या काचेची भीती जास्त वाटत होती. सांगाड्याला मिठी मारून ती मोजू लागली. एक, दोन, तीन. लाट आली, तिच्या पाठीवरून पलीकडे गेली. बावीस, तेवीस. बोटवाल्याने तिच्या विद्यापीठाचा आणि मोजमापशास्त्राचा उद्धार केला. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ.

दिवा लागला नाही.

"मेलं," ती म्हणाली. "बॅटरी गेली. पाणी शिरलं. मामा, मेलं ते!"

"अगं, किती भराभर मोजतेस! घाबरलेल्या माणसाचं मिनिट चाळीस सेकंदांचं असतं. मोज पुढे."

एकसष्ट. सत्तर. ब्याऐंशी. एक्याण्णवला काचेखाली हिरवा ठिपका उमटला आणि विझला. तो तिघांनीही पाहिला. तिने दोघांकडूनही वदवून घेतलं; बोटवाल्याने "हो" म्हणताना आणखीही काही शब्द वापरले. यंत्र खाली गेलं आणि बोट वळली.

शुक्रवारी उधाण आलं. भर दुपारी बांधावरून पाणी रस्त्यावर पडत होतं, प्रयोगशाळेच्या खिडक्या थरथरत होत्या आणि प्रत्येक धडाक्याला खात्रीला दोरी तुटल्यासारखं वाटत होतं. पुढचे बारा दिवस तिने चाळीस-चाळीस सेकंदांची मिनिटं मोजत काढले.

यंत्र वर आलं तेव्हा समुद्र शांत होता. मामांनी केबल जोडली, बाई मागे उभ्या राहिल्या. पडद्यावर पहिले सव्वीस दिवस कोरे. मग गुरुवार, सकाळी अकरा, पहिली नोंद. तिथून रेघ चढत गेली आणि शुक्रवारी दुपारी पडद्याच्या माथ्याला टेकली. चार मीटर दहा. बांधाच्या टोकाशी एवढी लाट त्या प्रयोगशाळेने आजवर कधी पकडली नव्हती.

"गुरुवारी बोटीत होतात, तेव्हा किती वाटली होती गं लाट?" बाईंनी विचारलं.

"तीन मीटर. साडेतीनही असेल."

बाईंनी पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं. सत्तर सेंटिमीटर.

मामा इतके हसले, की त्यांना खुर्ची शोधावी लागली. खात्री हसली नाही. सत्तर सेंटिमीटरला आपलं तसं झालं, तर चार मीटर दहाला काय झालं असतं, याचा हिशेब तिच्या डोक्यात चालू होता आणि उत्तर चांगलं येत नव्हतं.

"अहवालाच्या पहिल्या पानावर ते कोरे सव्वीस दिवस येतील," बाई म्हणाल्या. "का कोरे, ते तुझ्या शब्दांत. धक्क्यावरच्या खुणांसकट. सगळ्या विभागापुढे वाचायचं."

"हो, बाई."

"आणि पुढच्या वर्षी तुझ्याकडे दोन यंत्रं. दुप्पट खोल पाण्यात." बाई दारापर्यंत जाऊन थांबल्या. "पोहता येतं ना तुला?"

"नाही."

"नाही? आणि तीनदा बोटीतून गेलीस?"

"कुणी विचारलंच नाही, बाई."

पुढच्या सोमवारी सकाळी खात्री विद्यापीठाच्या तरणतलावात, अगदी उथळ टोकाला, दोन्ही हातांनी दांडी धरून उभी होती. शिक्षक सांगत होते, "पाणी फक्त कमरेपर्यंत आहे, सोडा हात." पाणी नव्वद सेंटिमीटर होतं, हे तिने उतरण्याआधीच मोजलं होतं. तीनदा. आकडा अगदी बरोबर होता आणि दांडी तरीही सुटत नव्हती. शेजारी पाच-सहा वर्षांची एक मुलगी पाण्यात डोकं खुपसून वर आली आणि तिला म्हणाली, "तुला भीती वाटते?"

"हो," खात्री म्हणाली, आणि तिने एक हात सोडला.