सुई कुणाला टोचली

वडिलांच्या ऑपरेशननंतर मी त्यांच्याजवळ वॉर्डात बसलो होतो. कचरा उचलणाऱ्या शालनबाईंनी पिशवीचं तोंड बांधलं आणि एकदम हात मागे घेतला. उष्ट्या जेवणाच्या पिशवीत कुणीतरी वापरलेली सुई टाकली होती. ती त्यांच्या तळव्यात घुसली होती.

राउंडला आलेल्या डॉक्टरांनी लांबूनच पाहिलं. "साबणाने धुऊन टाक," ते म्हणाले.

"सर, सुई कुणाची ते माहीत नाही. एचआयव्ही टाळायचं औषध आजच सुरू करायला हवं," सिस्टर म्हणाल्या.

"एवढ्यातेवढ्यावरून यांना डोक्यावर बसवू नका."

मग त्यांनी नवे हातमोजे चढवले आणि वडिलांच्या पोटावरची पट्टी अलगद उचलली. स्वतःच्या कातडीला इतकं जपणारा माणूस मी जवळून पाहत होतो. रक्तातून रोग पसरतो, हे त्याने पुस्तकात वाचलेलं असणार. कचरा उचलणाऱ्या बाईच्या अंगातही तेच रक्त असतं, एवढं मात्र त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. अशा माणसाला आपण देव म्हणतो, याचीच मला किळस आली.

सिस्टरच शालनबाईंना हाताला धरून औषधासाठी घेऊन गेल्या.

काही महिन्यांनी वडिलांना तपासणीला नेलं, तेव्हा शालनबाई जिन्यात भेटल्या. त्यांच्या रक्ताचा शेवटचा रिपोर्ट चांगला आला होता. तोवर त्यांनी तान्ह्या नातवाला मांडीवर घेतलं नव्हतं.

"घेतल्याने काही होत नाही. डॉक्टरांनी सांगितलं नाही का?" मी विचारलं.

"ते आमच्याशी बोलत नाहीत," त्या म्हणाल्या.