नानांचा पाळणा मला वारशाने मिळाला नाही

बापाने मला पाळणा वारशाने दिला नाही. भांडून घ्यावा लागला.

आज सकाळी नाना गेले. माझे वडील. लहानपणी मांडवीच्या किनाऱ्यावर आमच्या लाकडी घोड्यांच्या पाळण्यात बसून ज्यांनी आरडाओरडा केलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

हा पाळणा बापाकडून पोराकडे कधीच गेला नाही.

लांज्याच्या भिकूमेस्त्रींनी फणसाच्या लाकडात आठ घोडे कोरले आणि नियम घातला. तीनदा मागेल त्याला नाही म्हणायचं नाही, आणि घरच्यांना न मागता द्यायचा नाही. आयता मिळाला की अडगळीत जातो, असं त्यांचं म्हणणं.

हसनचाचांनी तो तीनदा मागून घेतला आणि जत्रांमधून समुद्रावर आणला. चाचांकडून नानांनी मागितला.

जाणारा मालक एक घोडा आपल्या नावाने ठेवतो. पांढरा मेस्त्रींचा, निळा चाचांचा. त्यांच्या घरची पोरं त्यावर अजून फुकट बसतात.

मला शाळेत 'पाळणेवाल्याची' म्हणायचे. लाज वाटायची, खोटं कशाला बोलू?

पुढे लोट्याला कंपनीत, लॅबमध्ये लागले. पण सुट्टीत घोड्यांना ऑइलपेंट मीच मारायचे. वाटायचं, एकुलती एक आहे, पाळणा जातोय कुठे!

गेल्या दिवाळीत एक रिसॉर्टवाला आला. त्याला लॉनवर ठेवायला 'अँटिक पीस' हवा होता. फिरवायचा नाही, नुसते फोटो काढायचे!

दोनदा मागून गेला.

नाना म्हणाले, "आता तिसऱ्यांदा आला की नाही म्हणता यायचं नाही."

माझं डोकंच फिरलं. "त्याला देणार? आणि मी काय मेल्ये?"

"तू कधी मागितलास गो?"



खरंच नव्हता मागितला. मला वाटलं, ते देतील. त्यांना वाटलं, मला नकोच आहे. दोघं एक नंबरचे हट्टी, इतकी वर्षं तसेच बसलो.

"मला द्या. मला द्या. द्या हो मला, नाना!"

एका दमात तीनदा. हातातला चहा अंगावर सांडला.

नाना हसत सुटले. "मधे किती दिवस जायला हवेत, ते काय मेस्त्रींनी सांगितलं नाही. चल, बस घोड्यावर."

पस्तिशीची मी बसले. नानांना धाप लागत होती, तरी स्वतः ढकलून पूर्ण एक फेरा दिला. आमच्याकडे मालकी अशीच बदलते.

आपल्या नावाने त्यांनी कानतुटका घोडा ठेवला. पाच वर्षांची असताना मी त्यावरून पडले, तेव्हा तो कान माझ्या हातात आला होता.

"दुरुस्त करू नको हां," एवढंच म्हणाले.

रविवारी पाळणा मांडवीला लागेल. सुतक मला कोणी शिकवू नका, पाळणा थांबवायचा नाही असं नानांनीच सांगून ठेवलंय.

पहिल्या फेऱ्याला कानतुटक्यावर मी बसणार. घरची आहे, फुकट.

फुलं आणू नका. ढकलायला या.

नाना, सावकाश जा हो.